जोडे शिवणाऱ्याचा मुलगा

आमच्या माडीवर एक जुना ग्रामोफोन आहे. त्याच्याखालच्या कपाटात साठ-सत्तर तबकड्या उभ्या लावून ठेवल्या आहेत. त्यांतली एक लावण्याजोगी राहिलेली नाही; पण ती टाकून देण्याचा धीर मला आजवर झालेला नाही. मी तेव्हा सात-आठ वर्षांचा असेन. वैशाखातली दुपार होती. ती तबकडी मी चित्र पाहण्यासाठी बाहेर काढली, गच्चीच्या कठड्यावर ठेवली आणि विसरून खेळायला निघून गेलो. तासाभराने वडील वर आले तेव्हा तिचा पापड झाला होता. माझे वडील तरुणपणी इथल्या कलावंत कारखान्यात सतारिये होते. १९४९ साली बडोदे संस्थान विलीन झाले तेव्हा त्यांना मिसरूडही नीट फुटले नव्हते. मी त्यांचा पन्नाशीनंतरचा मुलगा. ती तबकडी त्यांच्या उस्तादांची होती.

वडील रागावले नाहीत. त्यांनी तसबिरींच्या दोन काचा काढल्या, तबकडी त्यांच्यामध्ये ठेवली आणि पुन्हा उन्हातच ठेवून ते तिच्याजवळ बसून राहिले. ती मऊ झाल्यावर तळहातांनी हळूहळू दाबून त्यांनी ती बरीचशी सपाट केली. तरी सूर डोलायचा तो डोलूच लागला. त्याच कठड्यावर रेडिओचे एक निखळलेले काळे बटण सकाळपासून पडले होते. त्याला मात्र उन्हाने काहीही झाले नव्हते. दोन्ही वस्तू काळ्या, दोन्ही गुळगुळीत. मग एक का वाकली आणि दुसरी का नाही, असे मी वडिलांना विचारले. आपल्याला ते ठाऊक नाही, असे त्यांनी सरळ सांगून टाकले. उत्तर मला पुष्कळ वर्षांनी एका रसायनज्ञाच्या चरित्रात सापडले, आणि त्या चरित्रात मला दुसरेही काही सापडले. त्याची ही हकीकत.

लिओ हेंड्रिक बेकलंड याचा जन्म १४ नोव्हेंबर १८६३ रोजी बेल्जममधील घेंट या शहरी झाला. आपल्या वाचकांना एक योगायोग सांगण्यासारखा आहे. श्रीमंत सयाजीराव महाराजांचा जन्मही १८६३ चाच, मार्च महिन्यातला. एक कवळाण्याच्या शेतकरी घरातला, तर दुसरा जोडे शिवणाऱ्याच्या घरातला. बेकलंडची आई लग्नापूर्वी लोकांच्या घरी काम करीत असे. मुलाने लवकर आपल्याजवळ बसून हातात आरी घ्यावी, असे बापाला वाटे. त्यात बापाचे काही चुकले असे म्हणता येत नाही. जो धंदा पोट भरतो तोच मुलाच्या हाती द्यावा, ही रीत सगळीकडचीच आहे. आमच्याकडेही ती होती. पण आईने हट्ट धरला की मुलगा शिकेल. तिच्या हट्टाला घेंटच्या नगरपालिकेची साथ मिळाली. गावातल्या हुशार मुलासाठी असलेली शिष्यवृत्ती त्याला मिळाली आणि १८८० साली तो विद्यापीठात दाखल झाला. १८८४ साली, वयाच्या एकविसाव्या वर्षी, तो रसायनशास्त्राचा डॉक्टर झाला, आणि तोही सर्वोच्च श्रेणीत. महाराजांनी १९०६ साली आपल्या सबंध राज्यात प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले, त्यामागचा विचार हाच होता की, कोणाच्या घरात काय जन्मले आहे ते आधी सांगता येत नाही.

लहानपणापासून या मुलाला छायाचित्रणाचे वेड होते. रजताचे क्षार विकत घ्यायला पैसे नव्हते, म्हणून बापाने दिलेल्या घड्याळाची चांदीची साखळी त्याने आम्लात विरघळवून टाकली, अशी एक आख्यायिका सांगतात. पुढे ब्रूजच्या शिक्षक-विद्यालयात आणि नंतर घेंट विद्यापीठातच तो शिकवू लागला. त्याचे गुरू प्राध्यापक स्वार्ट्स यांची मुलगी सेलिन हिच्याशी १८८९ साली त्याचा विवाह झाला. प्रवासासाठी मिळालेल्या शिष्यवृत्तीवर नवरा-बायको त्याच वर्षी अमेरिकेला गेली. तिथे कोलंबिया विद्यापीठातील प्राध्यापक चँडलर यांनी त्याला राहून घेण्याचा सल्ला दिला. तो राहिला, प्रथम छायाचित्रणाचे साहित्य करणाऱ्या एका कंपनीत आणि मग १८९१ पासून स्वतंत्रपणे.

ते दिवस वाईट गेले. एकाच वेळी चार-पाच शोध हातात घ्यायचे आणि एकही पुरा करायचा नाही, असे चालले होते. पैसा संपला आणि त्यातच तो मोठा आजारी पडला. अंथरुणावर पडल्या पडल्या त्याने निश्चय केला की, बरा झालो तर एकच काम धरीन. बरा झाल्यावर त्याने लिओनार्ड जॅकोबी या भागीदाराबरोबर न्यूयॉर्कजवळ यॉन्कर्स येथे कारखाना काढला आणि वेलॉक्स नावाचा छायाचित्राचा कागद तयार केला. तोवर चित्र कागदावर उतरवायला सूर्यप्रकाश लागे. आभाळ आले की काम बंद. वेलॉक्सवर दिव्याच्या उजेडात चित्र उतरत असे. आपल्या कलाभवनात दादासाहेब फाळके छायाचित्रणाचे धडे गिरवत होते, जवळजवळ त्याच काळातली ही गोष्ट. १८९९ साली कोडॅकच्या जॉर्ज ईस्टमनने हा सगळा धंदा लाखो डॉलर देऊन विकत घेतला. जोडे शिवणाऱ्याचा मुलगा पस्तिसाव्या वर्षी श्रीमंत झाला. हडसन नदीकाठी त्याने टेकडीवर बंगला घेतला आणि आवारातल्या तबेल्याची प्रयोगशाळा केली.

आता त्याला पोटासाठी काही करण्याची गरज नव्हती. या वेळी त्याने जो प्रश्न हाती घेतला त्याचा संबंध आपल्या देशाशी आहे. तो प्रश्न लाखेचा. पळस, बोर, कुसुम या झाडांच्या फांद्यांवर लाखेचे बारीक किडे जी राळ सोडतात, ती खरवडून, वितळवून, गाळून तिचे पातळ पापुद्रे करतात. त्याला चपडा म्हणतात. छोटा नागपूरच्या रानातून हा माल जगभर जाई. चपडा स्पिरिटमध्ये विरघळतो, उष्णतेने मऊ होतो आणि विजेला पलीकडे जाऊ देत नाही. म्हणून सुतारकामाच्या रोगणापासून विजेच्या तारांच्या वेष्टनापर्यंत सर्वत्र त्याला मागणी होती. ग्रामोफोनच्या तबकड्याही त्याच्याच होत. चपडा, दगडाची वस्त्रगाळ पूड, थोडे सुताचे तंतू आणि काजळी, एवढेच त्यांतले घटक. कलकत्त्याजवळ डमडम येथे असल्या तबकड्या ठोकल्या जात. वीज वाढत चालली आणि किड्यांना मात्र घाई नव्हती. भाव चढत चालला. तेव्हा चपड्यासारखे काही प्रयोगशाळेत करता आले तर पाहावे, असे बेकलंडने ठरवले.

कच्चा माल साधा होता. कोळशाच्या डांबरापासून फिनॉल मिळते आणि लाकडाच्या अल्कोहोलपासून फॉर्माल्डिहाइड. ही दोन एकत्र आली की काय होते ते जर्मनीत बायर या मोठ्या रसायनज्ञाने १८७२ सालीच पाहिले होते. भांड्याच्या तळाशी एक चिवट गोळा बसे. तो कशात विरघळत नसे, कशाने निघत नसे. भांडे फेकून द्यावे लागे. रसायनज्ञाला शुद्ध स्फटिक हवे असतात, त्यामुळे बायरने आणि त्याच्यानंतरच्या पुष्कळांनी त्या गोळ्याकडे कचरा म्हणूनच पाहिले. बेकलंड आणि त्याचा साहाय्यक थर्लो यांनी चपड्यासारखी विरघळणारी राळ करूनही पाहिली. तिला त्यांनी नोव्होलॅक हे नाव दिले. पण बाजारात ती चपड्यापुढे टिकेना.

मग बेकलंडने ती द्रव्ये लाकडात मुरवून लाकूड कठीण करण्याचे प्रयोग सुरू केले. त्या प्रयोगांत लाकडापेक्षा लाकडातून पाझरून बाहेर घट्ट झालेली राळच त्याच्या डोळ्यांत भरली. आणि इथे त्याने प्रश्न फिरवला. आजवर सर्वांचा प्रश्न होता की, हा गोळा विरघळवायचा कसा. त्याने विचारले की, जे कशानेही विरघळत नाही, उष्णतेने वितळत नाही, विजेला अडवते, ते फेकायचे कशाला? तेच करून का विकू नये? जो दोष म्हणून सगळे टाळत होते तोच त्या पदार्थाचा गुण होता.

अडचण बुडबुड्यांची होती. ही रासायनिक क्रिया उसळून येते आणि पदार्थ स्पंजासारखा सच्छिद्र होतो. म्हणून इतर लोक ती मंद आचेवर जपून करीत. बेकलंडने उलट केले. त्याने आच वाढवली, दीडशे अंश सेल्सिअसच्या आसपास नेली, आणि बुडबुडे उठूच नयेत म्हणून जाड लोखंडी बंद भांड्यात वरून दाब दिला. क्रियेच्या तीन पायऱ्या त्याने वेगळ्या केल्या. पहिली पातळ, विरघळणारी, दुसरी रबरासारखी, तिसरी कायमची कठीण. दुसऱ्या पायरीवरचा पदार्थ लाकडाच्या भुश्यात मिसळून साच्यात घालायचा आणि तापलेल्या दाबयंत्राखाली ठेवायचा. काही मिनिटांत वस्तू तयार. १३ जुलै १९०७ रोजी त्याने एकस्वासाठी अर्ज केला. इंग्लंडमध्ये जेम्स स्विनबर्न हा शोधक याच वाटेने चालला होता. त्याचा अर्ज एक दिवस उशिरा पोहोचला असे सांगतात. पुढे दोघे भागीदार झाले, हे दोघांनाही शोभणारे आहे. फेब्रुवारी १९०९ मध्ये न्यूयॉर्कच्या रसायनज्ञांच्या सभेत बेकलंडने आपला पदार्थ जाहीर केला. त्याचे नाव बेकेलाइट. सर्वस्वी प्रयोगशाळेत घडवलेले जगातले हे पहिले प्लॅस्टिक.

त्याच्या आधी प्लॅस्टिक नव्हते असे नाही. १८६९ सालापासून अमेरिकेत हायटने सेल्युलॉइड काढले होते. परंतु ते कापसापासून, म्हणजे निसर्गाच्याच मालापासून, आणि त्यात कापूर. जुन्या हार्मोनियमच्या पांढऱ्या पट्ट्या पुष्कळदा सेल्युलॉइडच्या असत. फण्या, बाहुल्या, चित्रपटाच्या फिती त्याच्याच. ते गरम पाण्यात मऊ होते आणि ठिणगी पडली तर भडकते. इथेच माझ्या बालपणीच्या प्रश्नाचे उत्तर आहे. प्लॅस्टिकच्या दोन जाती आहेत. एक मेणासारखी: तापवा, मऊ होते, निववा, घट्ट होते, पुन्हा तापवा, पुन्हा मऊ. तिचे रेणू सुताच्या लांब धाग्यांसारखे नुसते शेजारी शेजारी पडलेले असतात. उष्णता मिळाली की ते एकमेकांवरून सरकतात. दुसरी जात मडक्यासारखी. कच्चे मडके पाण्यात विरघळेल, एकदा भाजले की नाही. तिच्या धाग्यांना धाग्यांशी गाठी बसून जाळे होते, आणि ते जाळे पुन्हा सुटत नाही. फार तापवले तर ते करपेल, पण वितळणार नाही. माझ्या उस्तादांची तबकडी पहिल्या स्वभावाची होती. चपडा म्हणजे किड्याने केलेले प्लॅस्टिकच म्हणा ना. रेडिओचे बटण दुसऱ्या स्वभावाचे होते.

बेकेलाइटचे पुढे काय झाले ते आपण घरोघरी पाहिले आहे. १९१० साली कंपनी निघाली. विजेचे खटके, प्लग, दूरध्वनी, रेडिओच्या पेट्या, मोटारीचे सुटे भाग, कॅमेरे, बिलियर्डचे चेंडू, सर्व त्याचे झाले. जुन्या वाड्यांच्या भिंतींवरचे गोल काळे खटके अजून कुठे कुठे आहेत. कुकरच्या आणि तव्याच्या काळ्या मुठी आजही त्याच कुळातल्या, कारण आचेवर त्या वितळत नाहीत. दोष म्हणजे रंग काळा-तपकिरी आणि पडले तर फुटते. पुढे त्याचेच भाऊबंद निघाले: पांढऱ्या खटक्यांसाठी युरियाची राळ, रंगीत ताटल्यांसाठी मेलामाइन. बेकलंडच्या एकस्वाची नक्कल करणारे पुष्कळ झाले; खटलेही झाले. एडिसनचा रसायनज्ञ एल्सवर्थ याने कंडेन्साइट नावाची तशीच राळ काढली होती आणि १९१२ पासून एडिसनच्या जाड तबकड्यांचा पृष्ठभाग तिचाच असे. चपडा शोधता शोधता मिळालेली वस्तू अशी फिरून गाण्यापर्यंत आलीच. १९२२ साली बेकलंडने प्रतिस्पर्ध्यांना आपल्यात घेऊन एकच मंडळी केली.

आमच्या शिकवणीच्या खोलीत नुसती नजर फिरवली तरी पुढची सारी पिढी दिसते. १९४८ साली अमेरिकेत लाँग प्लेइंग तबकडी निघाली, ती व्हिनाइलची. ती पडली तर फुटत नाही, खरखर कमी, आणि एका बाजूला वीस-बावीस मिनिटे राग ऐकता येतो. त्याच कुळातले पीव्हीसी कडक ठेवले तर नळ होतो, तेल मिसळून मऊ केले तर विजेच्या तारेचे वेष्टन. कॅसेटमधली फीत पॉलिएस्टरची. पाण्याच्या बाटल्या ज्या पदार्थाच्या करतात तोच, फक्त ताणून पातळ केलेला. सीडी पॉलिकार्बोनेटची, काचेसारखी पारदर्शक आणि काचेपेक्षा किती तरी चिवट. विद्यार्थी डबा आणतात तो पॉलिप्रॉपिलीनचा. त्याचे झाकण हजार वेळा दुमडले तरी बिजागरीशी तुटत नाही. बादली, पिशवी पॉलिथिनची. यांतले काही तर आपल्या बडोद्याच्या वेशीवर, कोयलीच्या बाजूला, तेलापासून तयार होत आले आहे. सतारीची घोडीसुद्धा आता कृत्रिम पदार्थाची मिळते. वडील सांबरशिंगाखेरीज दुसरी लावू देत नसत. मी दोन्ही वाजवून पाहिल्या आहेत. कृत्रिम घोडीची जवारी लवकर झिजत नाही, हे मला कबूल करावे लागते. त्यापलीकडचे मी वडिलांच्या तसबिरीसमोर बोलणार नाही.

बेकलंडकडे परत येऊ. मान, पैसा, कीर्ती सगळे आले. १९२४ साली तो अमेरिकन केमिकल सोसायटीचा अध्यक्ष झाला. त्याचा मुलगा जॉर्ज कंपनीत मोठ्या पदावर होता. त्याने आपल्यामागे हे सारे सांभाळावे, अशी बापाची इच्छा. परंतु मुलाचे मन त्यात नव्हते. बापलेकांत खटके उडू लागले. ज्याच्या स्वतःच्या बापाने हातात आरी देऊ पाहिली होती आणि जो ती नाकारून जगभर गेला, त्याच्याच वाट्याला हे यावे! शेवटी १९३९ साली त्याने कंपनी युनियन कार्बाइडला देऊन टाकली. सयाजीराव महाराज गेले तेही १९३९ साली. पुढची वर्षे बेकलंड फ्लॉरिडातल्या घरी बराचसा एकटा राहिला. पांढरे कपडे घालावेत, बागेत उष्ण प्रदेशातली झाडे लावावीत, बंद डब्यातले अन्न त्या डब्यातूनच खावे, असा त्याचा विक्षिप्त क्रम झाला होता. २३ फेब्रुवारी १९४४ रोजी न्यूयॉर्क राज्यातील बीकन येथे तो वारला.

त्याच्या शोधाचा हिशेब अजून पुरा झालेला नाही. जे विरघळत नाही ते नाहीसेही होत नाही. बेकेलाइट पुन्हा वितळवता येत नाही. फार तर त्याची पूड करून भर म्हणून वापरता येते. पिशव्यांसारखे मऊ होणारे प्लॅस्टिक पुन्हा वितळवता येते, पण आपण ते वितळवायला देतो कुठे? विश्वामित्रीच्या काठाने फिरायला जाणाऱ्याला हे वेगळे सांगायला नको. एकदा वापरून फेकायच्या कित्येक वस्तूंवर १ जुलै २०२२ पासून देशात बंदी आली. तरी नदीने ते अजून ऐकलेले दिसत नाही. टिकाऊ वस्तू टिकाऊ कामासाठी वापरावी, एवढा साधा विवेक आपण पाळला नाही. खटका पन्नास वर्षे टिकला तर तो गुण, भाजीची पिशवी पन्नास वर्षे टिकली तर तोच दोष.

मला मात्र हे चरित्र वाचताना रसायनापेक्षा त्या तीन पिढ्यांचा विचार अधिक आला. जोडे शिवणारा, रसायनज्ञ आणि त्याचा मुलगा. आच आणि दाब कधी व किती द्यावा हे ज्याने साऱ्या जगाला शिकवले, त्याला घरात ते जमले नाही. माझ्या वडिलांची इच्छा मी सतार घेऊन बैठकीत बसावे अशी होती. बारा वर्षे त्यांनी मला शिकवले. माझा हात बैठकीचा नाही, हे त्यांच्या कानांना माझ्याआधी कळले असले पाहिजे. ज्या दिवशी मी शाळेत संगीतशिक्षकाची नोकरी धरल्याचे सांगितले, त्या दिवशीही ते रागावले नाहीत. दुसऱ्या दिवशी पहाटे नेहमीसारखे त्यांनी मला रियाजाला उठवले, एवढेच. आज माझ्याकडे येणाऱ्या मुलांचे आईबाप सहा महिन्यांत मुलगा कार्यक्रमात केव्हा बसेल असे विचारतात, तेव्हा मी त्यांना माडीवर नेतो आणि ती तबकडी दाखवतो. ती कशी वाकली ते सांगतो आणि दोन काचांमध्ये ठेवून कोण तिच्याजवळ बसून राहिले होते तेही सांगतो. काही जणांना ते पटते. काही जण मुलाला दुसऱ्या शिकवणीला घालतात.